गंधाखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण समईतला नव्हे की कंदिलातलाही नव्हे. कुंभकोणमच्या एका जुन्या व्हॅनमध्ये, चालकासमोर, वेगाच्या काट्याशेजारी, काचेआड मी राहतो. रंग पिवळा, आकार चण्याच्या डाळीएवढा, अंगावर इंजिनाचं चित्र. इतर दिवे लागले की लोक हात जोडतात. मी लागलो की कपाळाला हात लावतात. जन्मच तसला!

किल्ली फिरवली की मी लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. तसाच पेटून राहिलो, तर समजावं की इंजिनाला काहीतरी दुखतंय. काय दुखतंय तेही मी सांगतो. सीटखालच्या जोडणीत तारेचा तुकडा अडकवा, किल्ली फिरवा, की मी लुकलुकून बोलू लागतो. आधी एक आकडा, जरा दम, मग दुसरा. प्रत्येक जोडीचं दुखणं ठरलेलं. 'एक, मग दोन' म्हणजे मात्र 'सगळं बरं आहे'.

ही भाषा माझ्या मालकांना, नरसिंहरावांना येई. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ अशी त्यांची रीत. चार माणसांतच बोलल्या जाणाऱ्या भाषेचं त्यांना काय नवल! भजनाची मंडळी गोविंदपुरमच्या विठ्ठलाला न्यायची, गरोदर लेकीसुनांना तिरुक्करुगावूरच्या देवीला न्यायचं, हे आमचं काम. दुखणं विचारताना ते खाली वाकून तार धरत, त्यामुळे मी त्यांना दिसत नसे. माझ्यासमोर बसत त्यांच्या पत्नी अलमेलूबाई. मी लुकलुकेन तसा त्या भजनातला टाळ वाजवत.

"एक चुकलीस की!" खालून आवाज येई.

"मी नाहीं चुकले. तुमचा दिवाच बेताल!"

मी बेताल कधीच नव्हतो. पण नवराबायकोच्या बोलण्यात कोण पडतो?

मग नरसिंहराव गेले. अलमेलूबाई हट्टाने गाडी शिकल्या. आयुधपूजेला इथे गाड्यांनाही गंध लावतात. नरसिंहराव ते काचेच्या कडेला, मला सांभाळून लावत. अलमेलूबाई मायेने मधोमध थापू लागल्या. जुनं पुसायचं नाही, देवाचं ते! गंधावर गंध चढलं आणि मी खाली गडप झालो.

अशात उंदराने इंजिनातली एक तार कुरतडली. मी लागलीच पेटलो. पेटणं हेच आमचं ओरडणं. कोण बघणार? गाडी काळा धूर ओकू लागली, भर चौकात बंद पडू लागली. मित्रांनो, वर पूजा चाललेली आणि खाली आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, असं एकटेपण वैऱ्यालाही नको.

एका कारागिराने वरवर पाहून 'इंजिन गेलं' म्हणून सांगितलं. चेन्नईहून मुलगा विघ्नेश फोनवर म्हणाला, "अम्मा, भंगारांत घाल ती. भजनाला जायला ऑटो नाहींत काय?"

"ऑटोंत माझ्यामागें अभंग कोण म्हणणार, ड्रायवर?" त्या म्हणाल्या. मग मान डोलावून हळूच म्हणाल्या, "सरि. घालतें."

भंगारवाला यायच्या दिवशी सकाळीच त्या ओलं फडकं घेऊन आल्या. देवाचं गंध कुणाच्या पायाखाली जाऊ नये, म्हणून काच पुसू लागल्या. शेवटचं म्हणून इंजिनही सुरू केलं. गंधाचा शेवटचा पापुद्रा निघाला आणि मी त्यांना दिसलो.

"अय्यो! तूं केव्हांपासून पेटलास रे?"

तारेचा तुकडा काचेसमोरच्या छोट्या विठ्ठलमूर्तीच्या पायाशी होता, नरसिंहरावांनी ठेवला तिथेच. अलमेलूबाईंनी इंजिन बंद केलं, तार अडकवली, किल्ली फिरवली, टाळ घेतला. मी बोललो. ताल त्यांना कळला, पण अर्थ कुठे येत होता? तो नरसिंहरावांपाशीच राहिला होता. मग त्यांनी तिरुच्चीला लेकीकडे राहणाऱ्या चंद्रमौलींना फोन लावला. हे नरसिंहरावांचे मित्र, गाड्या दुरुस्त करणारे आणि भजनात मृदंग वाजवणारे. फोन सीटवर ठेवून बाईंनी टाळ वाजवला. एक. दम. मग भराभर चार.

"वैनी, आज सकाळींच भजन?"

"भजन नव्हे, दुखणें ऐका!"

पुन्हा टाळ वाजला. पलीकडून हसू आलं. "इंजिनाला कांहीं झालें नाहीं, वैनी! त्याचा ताप सांगणारी तार तुटली असेल. इंजिन तापलें तरी गाडीला तें गारच वाटतें, म्हणून पेट्रोल ओततच राहते. तार जोडून घ्या."

भंगारवाला आला, कॉफी पिऊन परत गेला.

आता माझं बरं आहे, म्हणजे मी विझलेला असतो. विझलेल्या दिव्याकडे कोण बघतो? पण एखाद्या संध्याकाळी, गाडीला काही झालेलं नसताना, अलमेलूबाई येऊन बसतात, तार अडकवतात. मी सांगतो: एक, मग दोन. त्या हलकेच टाळ वाजवतात. असाच एकदा विघ्नेशचा फोन आला.

"कशी आहेस, अम्मा?"

टाळ अजून घुमत होता. तो त्यांनी पदरात घट्ट दाबून धरला आणि म्हणाल्या, "बरें आहे."

मित्रांनो, पेटलेल्या दिव्यावर गंध थापू नका. आम्हाला तार लावून विचारलंत, तर आम्ही खरं तेच सांगतो. माणसांना तार लावायची सोय नाही. त्यांच्यापाशी येऊन बसावं लागतं.