कानात सांगितलेलं वादळ

धक्क्यावरच्या बंद पडलेल्या बर्फ कारखान्यापुढे सकाळपासून रांग होती. आत ढगमहाराज प्रत्येकाच्या कानात त्याचं त्याचं आभाळ सांगत होते, म्हणजे आज होडी न्यायची की नाही ते. "कानात घ्या, पोटात ठेवा! ओठावर आलं की फळ गेलं!" एवढं मात्र मोठ्यानं. मागच्या वेळी ज्यांचं बरोबर आलं, ते रांगेत गहिवरून बोलत होते. ज्यांचं चुकलं, ते गप्प. आपणच कुठेतरी बोलून बसलो असणार! माल खराब निघाला की गिऱ्हाईकच माफी मागतं, असा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

मी वेधशाळेत अंदाज काढतो. चुकला की शिव्या, बरोबर आला की कुणाला आठवतही नाही. त्यात शरदातला हा किनारा म्हणजे डोक्याला ताप. समुद्र अजून कोमट, वर हवा गार. दुपारी ढग बघता बघता बुरुजासारखे चढतात. एका आळीचं छप्पर उडतं, पलीकडच्या आळीत दोरीवरचे कपडेसुद्धा भिजत नाहीत. त्या दिवशी धक्क्यावरच्या फळ्यावर मी लिहिलं होतं : दुपारनंतर विजा, सोसाट्याचा वारा, शक्यता दहात सात. होड्या नेऊ नका.

आणि माझाच धाकटा भाऊ होडीत डिझेल ओतत होता.

"फळा वाचलास?"

"दादा, तुझं दहात सात म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. महाराजांनी एका शब्दात सांगितलं."

"काय?"

"ते बोलायचं नसतं."

डिझेल ओतणाऱ्याला काय सांगितलं असेल, हे ओळखायला वेधशाळा लागत नाही. मी उलट्या खोक्यावर बसलो. किती वर्षं भांडायचं माणसानं?

तेवढ्यात भावजय रांगेकडून तरातरा आली. "अहो, तुम्हाला 'जा' म्हणाले ना?"

"हळू बोल! फळ जाईल!"

"जाऊ दे खड्ड्यात. मी आत्ता आपल्याच होडीचं विचारून आले. मला म्हणाले, 'नेऊ नका, बुडेल.'"

भाऊ डबा धरून तसाच उभा. "होडी कुणाची ते सांगितलंस?"

"विचारलंय कुणी? रांगेत उभी राहून बघत होते मी. बाहेर येणारा एक हसरा, एक पडेल. पुन्हा हसरा, पुन्हा पडेल. पत्ते वाटावेत तसं!" मग ती रांगेकडे वळली. "काका, तुम्हाला काय सांगितलं हो?"

रांग थिजली. जाळी विणणारे काका चाचरत म्हणाले, "मला 'जा'."

"मला तर 'नको'!" त्यांचा जावई ओरडला. सासरा-जावई एकाच होडीत बसतात.

महाराज दारात आले. "अविश्वासानं आभाळ बिघडतं, बाई!"

"म्हणजे वादळ आमच्यात फक्त माझ्यावर येणार, ह्यांच्यावर नाही?"

लोक हसले. भावानं डब्याचं झाकण लावलं. तरी काही होड्या गेल्याच. दुपारी आभाळ फाटलं, एक होडी उलटली. माणसं फळकुटाला धरून कशीबशी किनाऱ्याला लागली.

दुसऱ्या सकाळी पाहतो तर रांग पुन्हा हजर. निम्मी. कालच्या 'नको'वाल्यांच्या लेखी महाराज खरे ठरले होते ना!

"दादा, आता ह्यांना काय सांगायचं?" भावानं विचारलं.

सांगायचं एवढंच. निम्म्यांना हो आणि निम्म्यांना नाही म्हटलं, की काहीही झालं तरी निम्मे भक्त पदरात पडतात. उरलेल्यांनी बोलू नये, म्हणून ती पोटात ठेवायची अट. माझा अंदाजही चुकेल, दहात तीनदा तर चुकणारच. पण तो फळ्यावर आहे, सगळ्यांना एकच, कुणीही उद्या येऊन तोंडावर फेकावा असा. म्हणून जो कानात सांगून तोंड बंद ठेवायला लावतो, त्याच्या दारातून बाहेर पडताच शेजाऱ्याला विचारा, आणि मोठ्यानं विचारा : तुला काय सांगितलं?