धुराड्याकडे तोंड

टॉवर उतरवायचा, हे आमच्या घरात भांडणाशिवाय ठरलेलं पहिलंच काम. मी म्हटलं, "सोमवारी खारीला बोलावलंय," आणि हे म्हणाले, "बरं." नुसतं बरं! ज्या टॉवरपायी पोटच्या पोराशी वाकडं घेतलं, तो उतरवायला बरं?

खार म्हणजे टॉवरवर चढणारा मिस्त्री. सरसर चढतो म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. पूर्वी हे स्वतःच चढायचे, कमरेला पट्टा बांधून, आणि मी गच्चीत दोर धरून मान मोडेपर्यंत वर बघत बसायचे. घरबसल्या वायरलेसवर जगाशी बोलायचा हा ह्यांचा नाद. मग काचबिंदूनं नजर गेली. टॉवरला धरून ठेवणाऱ्या तारा गंजल्या, नटबोल्ट कोणी बघेना. कधी शेजाऱ्यांच्या डोक्यावर यायचा म्हणून मी आपली घायकुतीला आलेले.

पोराला हा नाद ह्यांनीच लावला. जेवताना ताटावर चमचा वाजवून त्याला टिकटिकीची भाषा शिकवली. दोघं माझ्यासमोर माझीच चेष्टा करायचे आणि मला अक्षर कळायचं नाही. पोरगा नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेला, तरी दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी बापलेकांची टिकटिक चालायची. फोन माझ्यासाठी, वायरलेस बापासाठी, अशी वाटणीच होती.

गेल्या वर्षी तो आला, ह्यांचे डोळे बघितले आणि म्हणाला, "बाबा, आता तुम्ही दोघं माझ्याकडे चला." हे म्हणाले, "टॉवर सोडून मी कुठेही येणार नाही." शब्दानं शब्द वाढला. शेवटी पोरगा बोलून गेला, "मग आजारी पडाल तेव्हा टॉवरलाच पाणी मागा!" आणि बॅग उचलून चालता झाला. तेव्हापासून त्याचा फोन आला की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. तोही ह्यांचं नाव काढत नाही. बाप तसा लेक, निखारा विझेल पण ह्यांचा राग विझायचा नाही.

आता अँटेनाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टॉवरच्या टोकावर ती आडवी असते, माशाच्या काट्यासारखी. जिकडे तिचं तोंड, तिकडचं तिला ऐकू येतं आणि तिकडेच इथली हाक पोचते. पाठीमागून कोणी कितीही बोंबललं तरी हिला पत्ता नसतो. खाली ह्यांच्या खोलीत एक गोल बटण आहे, ते फिरवलं की वरची मोटर तिला फिरवते. पोराचा देश नदीवरच्या पुलाच्या दिशेला. ह्यांना दिसेनासं झालं तेव्हा बटणाच्या कडेला नेमक्या त्या जागी मी शर्टाची गुंडी चिकटवून दिली, बोटाला लागावी म्हणून.

तर पोरगा रागावून गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत मोठं वादळ झालं. नंतर बघते तर अँटेनाचं तोंड थेट बेकरीच्या धुराड्याकडे. म्हणजे पुलाच्या बरोब्बर उलट! दर रविवारी हे दार लावून बसणार, टिकटिक करणार, आणि वर तोंड धुराड्याकडे. मला काय वाटायचं ते वाटलं. बापानं मुद्दाम पाठ फिरवली. जगभरच्या लोकांशी गप्पा आणि पोराला पाठ! मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, आणि मला भांडायचं नव्हतंच, मला रुसायचं होतं. वर्षभर भांडी आपटली. ह्यांनी एकदाही विचारलं नाही, का आपटतेस म्हणून. ह्यांचं दुःख ह्यांच्यापाशी होतं, ते मला कुठे ठाऊक?

रविवारी सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. खालच्या खिडकीतून ह्यांची हाक आली. "अगं, खारीनं सांगितलंय, उतरवायच्या आधी अँटेनाचं तोंड बेकरीकडे करून ठेवा, तिकडे मोकळी जागा आहे. आत्ता ती पुलाकडे आहे. मी फिरवतो, बेकरीकडे आली की ओरड."

"ओरडायचंय काय त्यात? आहे की बेकरीकडेच!"

"पुलाकडे आहे. माझं बोट गुंडीवर आहे."

"तुमचं बोट असेल गुंडीवर! मी डोळ्यांनी बघतेय ना. वर्षभर तिकडेच तर तोंड करून ठेवलंय तुम्ही. मला काय आंधळी समजता?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मग मोटरची घरघर सुरू झाली. अँटेना हळूहळू वळत वळत आली आणि पुलाकडे तोंड करून थांबली.

"आता?" खालून आवाज आला, अगदी बारीक.

"आता पुलाकडे."

"मी बेकरीकडे फिरवलंय."

हातातली ओली चादर तशीच टाकून मी खाली धावले. हे खुर्चीत बसलेले, दोन्ही हात मांडीवर.

"वादळात अँटेनाचा पाइप पकडीतून सरकला," हे म्हणाले. "बोल्ट ढिला पडला असणार. इथे बटण बरोबर, वर तोंड उलटं. मी दर रविवारी त्याला हाक मारत होतो गं. वाटायचं, त्यानं ऐकणंच सोडलं. म्हणून म्हटलं, उतरवा."

"आणि मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम..." एवढी वर्षं संसार केला आणि ह्या माणसाबद्दल मी असं कसं धरून चालले? स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"वेळ झाली असेल नाही?"

"झालीय. लावा आधी!"

ह्यांनी सेट लावला. टिकटिक करून पोराला हाक मारली. मग नुसती खरखर. पुन्हा हाक, पुन्हा खरखर. ह्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी भिंतीकडे बघत राहिले. एवढ्यात खरखरीतून बारीकशी टिकटिक आली. ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"काय म्हणतोय? अहो, सांगा ना!"

हे एकेक शब्द ऐकायचे आणि मला सांगायचे. "बाबा... ऐकू... येतंय." मग पुढचं. "दर... रविवारी... हाक... मारतो." ह्यांनी कान आणखी जवळ नेला. "वाटलं... तुम्ही... सेट... विकलात."

मी पदर तोंडात कोंबला. वर्षभर दोघं ठरल्या वेळी बसायचे, हाका मारायचे आणि मुकाट उठून जायचे. आणि मध्ये मी, एकाला फोनवर ऐकणारी, दुसऱ्याला घरात बघणारी, आणि तोंड शिवून बसलेली.

"अहो, उत्तर द्या ना! गप्प का?"

ह्यांनी बोट उचललं आणि तसंच ठेवलं. माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे माझा आवाज आला तिकडे.

"तू वर जा," हे म्हणाले. "तोंड त्याच्याकडेच आहे ना, तेवढं बघ."

अँटेना जागची हलणं शक्यच नव्हतं, बटणाला कोणी हात लावला नव्हता. हे मलाही कळत होतं आणि ह्यांनाही. तरी मी बापलेकांना एकटं सोडून जिना चढून गच्चीत गेले. उद्या खार आला की त्याला बोल्ट आवळायला लावायचा आणि तारा बदलायच्या, एवढं जाताजाता ठरवून टाकलं.

"आहे हो!" मी वरून ओरडले. "त्याच्याकडेच आहे!"

खालून टिकटिक सुरू झाली. ती थांबेपर्यंत मी टॉवरचा पाय धरून तिथेच उभी राहिले.