परींच्या झाडाचं वय

'शेंदूर गं फासिला, दगडाचा देव झाला,
कुणी गं फासिला, पुसाया कोण गेला?'

थोरल्या आत्याचा हा आवाज कौमुदीच्या कानात उमटला, तेव्हा ती आयर्लंडमधल्या कासलबार गावाबाहेरच्या एका बंद पेट्रोल पंपाच्या आवारात, चिखलात बूट रोवून, एका काटेरी झाडासमोर उभी होती. लहानपणी बांधावरच्या प्रत्येक शेंदरी दगडाला ती हात जोडायची, आणि आत्या डोक्यात टपली मारून ही ओवी म्हणायची.

पंप पॉरिकचा. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, पण ताठ. कुणाची नोटीस नसताना त्याने आपणहून जमिनीतल्या पेट्रोलच्या टाक्या काढल्या होत्या, वास मारणारी माती उचलून नेली होती, नवी भरली होती. आता त्याला हवं होतं जमिनीचं प्रदूषण तपासणाऱ्या कौमुदीच्या कार्यालयाचं अभिमतपत्र: जागा तपासली, यापुढे सफाईची गरज दिसत नाही. ते हातात पडलं की त्याची लेक नोरा इथे घर बांधणार होती, मागे पिण्याच्या पाण्याची विहीर घेणार होती.

सगळ्या आवारातले मातीचे नमुने स्वच्छ निघाले होते. राहिला होता हा एकच कोपरा. ड्रिलवाल्याने झाड पाहिलं आणि मशीन मागे घेतलं. एकटं उभं असलेलं व्हाइटथॉर्न, म्हणजे हे असलं काटेझाड, परींचं असतं, त्याला जखम करणाऱ्याचं घर बसतं. काम गेलं तरी चालेल, म्हणाला.

"आमच्याकडे या झाडाला कुणी हात लावत नाही, पोरी," पॉरिक म्हणाला. "तुमच्या देशातही असतील अशी झाडं."

"आहेत की. त्यांच्यासाठी रस्ते वळवतात."

"मग झालं तर. लिहून टाक."

नोरा चहाचे मग घेऊन आली. तिला सातवा महिना होता. चर्चला ओढून न्यावं लागणारा आपला बाप या एका झाडापुरता कसा भाविक होतो, यावरून तिने त्याला चिडवलं. पॉरिक हसला नाही.

कौमुदीने चहा भिंतीवर ठेवला. काटे चुकवत तिने खोडाला दोन्ही पंजांनी वेढा घातला. बोटांना बोटं भिडली. स्लायगोच्या रस्त्यावरची म्हातारी काटेझाडं तिने पाहिली होती, वाऱ्याने पिळलेली, पैलवानाच्या मांडीएवढ्या खोडाची. हे त्यांच्यापुढे कालचं पोर होतं. तरी तिने हात सोडवले आणि सवयीने झाडाला जोडले.

"याच्या मुळालाही धक्का लावणार नाही मी," ती म्हणाली. "पत्र देईन. फक्त त्यात एक ओळ असेल, की या कोपऱ्याबद्दल आमचं काही मत नाही. जेवढं पाहिलं, तेवढ्यापुरतंच आम्ही बोलतो."

"म्हणजे काय?" नोराने विचारलं.

"म्हणजे तुझ्या विहिरीचं पाणी पी, असं मी म्हणू शकणार नाही."

विहिरीची खूण म्हणून रोवलेली खुंटी झाडाच्या उतारालाच होती. नोराने खुंटीकडे पाहिलं. तिचा हात पोटावर गेला.

पॉरिक तो हात बघत राहिला.

कौमुदीला घाई नव्हती. ज्याने शेंदूर फासलाय त्यालाच विचारायचं असतं, आणि विचारून झालं की थांबायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पॉरिक," तिने हळूच विचारलं, "आधी पंप आला की झाड?"

चहावरची वाफ विरली. एक ट्रॅक्टर रस्त्याने गेला. चालवणाऱ्याने बोट वर करून पॉरिकला सलाम केला, तो त्याने पाहिलाही नाही. त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

"मी लावलंय ते," तो लेकीला म्हणाला. "सगळ्यात पहिली टाकी त्याच्याखाली आहे. गळायला लागली होती गं. परींचा यात काही दोष नाही."