उपळेकरांच्या रागाची तपासणी

शरदचंद्र उपळेकरांचा राग गेला, ही बातमी मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांना पटली. पटली नाही ती एकट्या उपळेकरांना.

तो राग साधासुधा नव्हता. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात, तपासणी विभागात त्यांची सारी नोकरी गेली. त्यांच्या टेबलाशी एखादा भाग घेऊन जायची वेळ आली की भलेभले कामगार आधी देवाचं नाव घेत. मापात केसभर फरक दिसला की उपळेकर तो परत पाठवत, आणि वर चार शब्द असे सुनावत की ऐकणारा आठवडाभर जेवताना आठवत बसे. कारखान्यात या रागाला मान होता. घरी मान वगैरे काही नव्हता, घरी नुसताच राग होता. आमटीतलं मीठ, उशिरा आलेलं वर्तमानपत्र, मुलाचे, कौशिकचे, मार्क, मुलीने, ऊर्मीने, स्वतःच्या मनाने ठरवलेलं लग्न, जे हाताशी येईल त्यावर तो निघे. निवृत्तीनंतर तर कारखान्याच्या वाट्याचा रागही घरच्यांनाच मिळू लागला.

गेल्या दसऱ्याला त्यांनी भरलं ताट भिरकावलं. कारण काय होतं, ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं. ताट बायकोच्या, सुनंदाबाईंच्या, कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आपटलं. सुनंदाबाई रडल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचं श्रीखंड खरवडलं, फरशी पुसली, हात धुतले आणि मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी पुण्याला ऊर्मीकडे जाईन. परत यायची नाही."

एवढंच. बाई उगीच काही बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. उभ्या संसारात उपळेकरांनी बायकोला भीती घातली होती, त्या दिवशी एका वाक्यात ते स्वतः घाबरले. लाजही वाटली, पण खरं सांगायचं तर भीती जास्त होती.

मग उपाय सुरू झाले. अंबत्तूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या कौशिकने बापाला न विचारताच नुंगंबाक्कमच्या एका शिबिरात त्यांचं नाव घातलं. एरवी यावरही ताट उडालं असतं, पण उपळेकर मुकाट्याने गेले. वेंकट नावाचे गुरुजी शिकवायला होते. वय कौशिकएवढं, कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, कानाला अडकवलेला माइक. हे गुरुजी म्हणे आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. आता माणसं शुद्ध करत होते. अर्धं इंग्रजीत, अर्धं तमिळमध्ये ते सांगत, की राग आला की जीभ टाळूला लावा, लक्ष पायाच्या अंगठ्याकडे न्या आणि श्वास मोजा. उपळेकर मागच्या रांगेत बसून चूक शोधत राहिले. हा सगळा पोरखेळ आहे अशी त्यांची खात्री होती, आणि तरी रोज पहाटे गच्चीत बसून ते इमानेइतबारे अंगठ्याकडे बघत.

कौशिकने एक सीडीही आणून दिली. तिच्यात कोणी गोरा माणूस समुद्राच्या आवाजावर संथपणे सांगायचा, की मी शांत आहे, मी बदलतो आहे. हे आपण म्हणायचं. उपळेकर म्हणत, पण दार लावून.

तिसरा उपाय शेजारच्या सीतालक्ष्मीबाईंचा. त्यांचं घराणं तंजावरकडचं. मराठी पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेली, तमिळच्या चालीवर हेलकावे घेणारी. त्यांनी उपळेकरांच्या करंगळीत चांदीच्या अंगठीत मोती घालायला लावला आणि स्वयंपाकघरातून कांदालसूण हद्दपार केला. "चंद्र बिघडला आहे तुमचा, शरदराव," त्या म्हणाल्या. "अस्कें, सगळें मनाचं काम चंद्राकडे. मोती घाला, बरं होतें."

आणि बरं झालं! निदान तसं दिसू लागलं. दिवाळी गेली, संक्रांतीला, म्हणजे तिकडच्या पोंगलच्या सुट्टीत, पाण्याचा टँकर आला नाही, उन्हाळ्यात वीज गेली, आणि उपळेकर ओरडले नाहीत. दात आवळून गप्प राहिले असंही नाही. त्यांना राग आलाच नाही. मार्च-एप्रिलपर्यंत घरात श्रेय घेणाऱ्यांची रांग लागली. कौशिक म्हणे, शिबिर. सीतालक्ष्मीबाई म्हणत, मोती. कौशिकचं आणखी एक म्हणणं होतं की सीडीचा परिणाम आत खोलवर होतो, आपल्याला कळत नाही. सुनंदाबाई काहीच म्हणत नसत. त्या जेवण वाढत आणि पहिला घास नवऱ्याच्या पोटात जाईपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहत.

सगळ्यांना आनंद झाला, गोंधळले ते उपळेकर. एखादं यंत्र बिघडलं आणि का बिघडलं ते कळलं, तर तपासणीवाल्याला झोप लागते. पण बिघडलेलं यंत्र आपोआप सुरू झालं आणि का ते कळलं नाही, तर त्याच्याइतकं धोक्याचं काही नाही. ते पुन्हा कधीही बंद पडू शकतं, आणि इथे बंद पडणं म्हणजे सुनंदाबाईंनी पुण्याची गाडी धरणं. राग कशाने गेला ते कळायलाच हवं होतं. नाहीतर जन्मभर अंगठ्याकडे बघत, मोती मिरवत आणि गोऱ्याचं ऐकत बसावं लागलं असतं, आणि तरीही खात्री नसती ती नसतीच.

आता दुसरा कोणी असता तर देवाचे आभार मानून गप्प बसला असता. उपळेकरांनी कारखान्याची रीत काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि बघायचं. कुणाला न सांगता त्यांनी आधी सीडी बंद केली. दार लावून आत नुसते बसून राहत. मग राग येतो का ते बघायला मुद्दाम टेलिफोन खात्यात तक्रार घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं आणि शेवटी जेवायला निघून गेला. उपळेकर बाकावर बसून स्वतःची वाट बघत राहिले. राग काही येईना.

मग मोती गेला. अंगठी खिशात ठेवून त्यांनी रिक्षावाल्यांशी मुद्दाम घासाघीस केली. एका रिक्षावाल्याने त्यांना भर रस्त्यात नको ते ऐकवलं, आणि उपळेकरांना चक्क हसू आलं. मग स्टेशनाजवळच्या खानावळीत कांदालसणाची भजी खाऊन झाली. मग पहाटेचं अंगठादर्शनही थांबलं. गच्चीत जाऊन ते कावळे बघत. राग नाहीच. एखादी हरवलेली वस्तू शोधावी तसा ते आता आपला राग शोधत होते, आणि तो सापडत नाही म्हणून, हसू नका, त्यांना थोडं वाईटही वाटत होतं. ज्या रागाने एवढी वर्षं आपल्याला ओळख दिली, तो कोणत्याच उपायाने गेला नसेल तर गेला कसा? आणि आता आरशात दिसतो तो मऊ म्हातारा कोण?

आषाढ-श्रावणाचे दिवस आले. मद्रासकडे त्याला आडी महिना म्हणतात. गल्लोगल्ली अम्मन देवीच्या देवळांवर कर्णे लागले, दारोदार कडुलिंबाचे डहाळे लटकले. एका शुक्रवारी दुपारी उपळेकर घरी आले तर दाराला कुलूप. जिन्यात सीतालक्ष्मीबाई भेटल्या. त्यांची नजर आधी उपळेकरांच्या करंगळीवर गेली.

"मोती काढलांत की! असं करूं नये, शरदराव."

"सुनंदा कुठे गेली, काही बोलली का?"

"आज शुक्रवार नव्हे का? ती देवळांत गेली, मण् चोरु खायाला." उपळेकरांच्या चेहऱ्याकडे बघून त्या थबकल्या. "तुमाला ठाव नाही? पान नाही, ताट नाही, देवळांत भुईवर भात घालून घेऊन जेवायचं. नवस असतो. घरच्यांसाठीं बायका करतात. सुनंदा दर शुक्रवारीं करते की."

"कधीपासून?"

"दसरा झाला, तेव्हांपासून."

उपळेकर जिन्यातच उभे राहिले. म्हणजे हे होतं तर! सगळे उपाय एकेक करून बाजूला काढले, पण जो आपल्याला माहीतच नव्हता तो चालूच राहिला होता. तपासणीतली एवढी ढोबळ चूक त्यांनी कारखान्यात कुणाची खपवून घेतली नसती. देवीबिवी त्यांनी कधी मानली नव्हती. तरी आपल्यासाठी कुणीतरी आठवड्यामागून आठवडे भुईवरचा भात खातं आहे, हा विचार त्यांना आतून हलवून गेला. आणि लगेच दुसरा विचार आला, की आता रीतीप्रमाणे हेही काही दिवस थांबवून बघायला हवं. तिला तसं सांगायचं. कसं सांगायचं, ते मात्र सुचेना. अशा दोन्ही विचारांची मोट बांधून ते देवळाकडे निघाले.

देऊळ रेल्वेच्या फाटकापलीकडे होतं. पुढच्या मंडपात गर्दी, मागच्या अंगाला मोकळी फरसबंदी. तिथे भिंतीच्या सावलीत चारसहा बायका ओळीने बसल्या होत्या, आणि टोकाला सुनंदाबाई. समोरची हातभर जागा पाण्याने पुसलेली, तिच्यावर ताकभात. त्या मान खाली घालून फरशीवरून घास उचलत होत्या. भाताचं पाणी पसरायला लागलं की बोटांनी आवरून घेत होत्या.

ते बघितलं आणि उपळेकरांची कानशिलं तापली. आपली बायको, उपळेकरांची बायको, दगडावरून उचलून खाते? छातीतून ओळखीचं काहीतरी वर चढू लागलं. सापडला! क्षणभर त्यांना जवळजवळ आनंदच झाला. पण तोंड उघडायच्या आत त्यांची जीभ आपण होऊन टाळूला लागली, नजर अंगठ्याकडे गेली, आणि ते चढलेलं तसंच उतरून गेलं. ते वेंकटमुळे उतरलं, की देवीमुळे, की ते मुळात रागाचं नव्हतंच, त्यांना काही कळलं नाही.

त्यांची सावली भातावर पडली. सुनंदाबाईंनी वर बघितलं, आणि त्यांचा डावा हात कोपरात वाकून चेहऱ्याशी आला. तो किंचितच आला आणि लगेच खाली गेला. शेजारच्या बाईच्या लक्षातही आलं नसेल. उपळेकरांच्या आलं.

ते खाली उकिडवे बसले. "सुनंदा, हे सगळं माझा राग जावा म्हणून ना?"

सुनंदाबाईंनी पसरू लागलेला भात बोटांनी आवरला.

"पहिले काही शुक्रवार त्यासाठीच," त्या म्हणाल्या. "मग तो गेला. मला दिसतंय की. मी काय आंधळी आहे?"

"मग अजून का येतेस?"

"माझी भीती जाईना म्हणून."

मंडपात कर्णा मोठ्याने लागला होता. तरी ते शब्द उपळेकरांना स्वच्छ ऐकू आले.

"दारात तुमची किल्ली वाजली की अजून पोटात गोळा येतो," त्या सांगत होत्या, तक्रार न करता, शेजारणीला दुखणं सांगावं तशा. "तुम्ही खुर्चीतून उठलात की हातातलं काम थांबतं. तुम्ही चांगले वागता ना, तेव्हा तर जास्तच. वाटतं, आता कधी? मनाला किती समजावलं. ऊर्मी म्हणते, आई, तू इकडे ये. मी तिला म्हटलं, आडी महिना संपू दे. तेवढ्यात भीती गेली तर इथेच राहीन."

एवढे महिने उपळेकर आपल्या आत हात घालून चाचपत होते. तपासायचा भाग समोर, स्वयंपाकघराच्या दाराशी, रोज उभा होता, आणि त्यांनी त्याच्याकडे एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. मोती, सीडी, श्वास, यातलं काहीच तिच्यासाठी नव्हतं. आता काय घालावं, काय थांबवावं, त्यांना काही म्हणजे काही सुचेना. माफी मागावी असं फार वाटलं. पण माफी मागायला हात पुढे केला आणि तो बघून ती पुन्हा दचकली तर?

त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. "कमी होतेय का थोडी?"

सुनंदाबाईंनी खरंच विचार केला. "इथे बसले की होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे, आत्तापर्यंत व्हायची."

मग त्या जरा अवघडून म्हणाल्या, "अहो, तुम्ही बाहेर थांबता का? तुम्ही बघत असलात की मला घास गिळत नाही."

उपळेकर उठले. झटकन उठायची सवय होती, पण ते भिंतीला धरून सावकाश उठले. बाहेर येऊन चपला घातल्या आणि रस्त्यात उभे राहिले. घरी जावं, तर सुनंदाबाई परततील तेव्हा आपण दाराआड असू. देवळाच्या दाराशी थांबावं, तर त्यांनी बाहेर पाऊल टाकताक्षणी आपण एकदम समोर येऊ, आणि त्या दचकतील. ते चार पावलं घराकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. नारळाच्या दुकानातली बाई त्यांच्याकडे बघू लागली. शेवटी त्यांनी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूला, उन्हातच, सुनंदाबाईंना लांबूनच दिसेल अशा जागी जाऊन ते उभे राहिले.