प्रश्नचिन्हांचा कोप

पार्सल खात्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा कारखाना तिथे लोटला होता, आणि लेबलं टाइप करणाऱ्या वहिनींच्या कॉम्प्युटरला तांब्याची तार गुंडाळून महाराज डोळे मिटून उभे होते.

परदेशी पाठवलेली श्रवणयंत्रं परत येत होती. लेबलावर नाव-पत्त्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मी तिथला प्रोग्रॅमर. दोष कुठे आहे ते मी मालकांना दोनदा सांगितलं होतं. पण जगाला ऐकू यावं म्हणून यंत्रं बनवणारे आमचे मालक स्वतः कुणाचं ऐकत नसत. त्यांनी महाराज आणले.

“प्रत्येक चिन्ह म्हणजे एका अतृप्त आत्म्याचा सवाल,” महाराज म्हणाले. “टाइप करणाऱ्या बाईचा हात अशुभ आहे. हात बदला, लेबलं बोलू लागतील.”

प्रचितीही दिली. वहिनींनी मेलमधून एक चिनी नाव उचलून चिकटवलं. छापून आली प्रश्नचिन्हं. महाराजांनी फुंकर मारून इंग्रजी अक्षरांत एक नाव टाइप केलं, लेबल लख्ख. टाळ्या पडल्या.

“उद्यापासून येऊ नका,” मालक वहिनींना म्हणाले. वहिनींचं घर त्या एका पगारावर चालायचं. त्या पर्स आवरू लागल्या, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मालकांची मावशी त्या दिवशी कारखाना बघायला आली होती. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. ती म्हणाली, “थांब गं. आणि महाराज, हात तपासायचा तर दोघांना वेगवेगळी नावं कशाला? अदलाबदल करा. इंग्रजी नाव ती टाकेल, चिनी तुम्ही.”

“शक्ती आता उतरलीय, माई.”

“एका नावापुरती असेलच की शिल्लक.”

वहिनींचं लेबल स्वच्छ आलं. महाराजांच्या हातून प्रश्नचिन्हं.

“आता तुमचंच नाव घाला, आपल्या अक्षरांत,” मावशी म्हणाली. महाराज हलेनात, तेव्हा मीच ‘महाराज’ असं टाइप केलं. छापून आलं: ‘??????’.

“यांचाही आत्मा अतृप्त दिसतोय,” मावशी म्हणाली. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. त्या गोंधळात महाराजांनी तार तिथेच टाकून काढता पाय घेतला.

मग कुठे माझं ऐकून घेतलं गेलं. आमच्या डेटाबेसमधला नाव-पत्त्याचा रकाना जुना, फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणारा. अनोळखी अक्षर आलं की तो ते साठवतानाच फेकून देतो आणि जागेवर प्रश्नचिन्ह ठेवतो. युनिकोडमध्ये जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. रकाना युनिकोडचा केला की चिनी, अरबी, आपलं, सगळं जसंच्या तसं राहतं. गेलेली नावं मात्र कुठल्याच मंत्राने परत येत नाहीत. ती जुन्या मेलमधून पुन्हा भरावी लागतात.

“झालं गेलं विसरा, वहिनी,” मालक म्हणाले. “बसा कामाला.”

वहिनी बसल्या नाहीत. “माझा हात अशुभ ठरला तो चारचौघांत. तो तसा नाही, हेही चारचौघांतच म्हणा.”

मालकांना ते म्हणावं लागलं. तेव्हाच वहिनींनी खुर्ची ओढली.

बाबांनो, यंत्र बिघडलं तर यंत्र उघडून बघा. फुंकर मारणारा आणलात, तर तो आधी कुणाचा तरी हात दोषी ठरवतो. आणि मालकाचा हात अशुभ निघाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.