करवतीचं खालचं टोक

"रेघ सोडलीस, रज्जाक!" मच्छिंद्र खड्ड्यातून ओरडला.

"तुला तिथनं काय दिसती रेघ? गप वढ."

ओंडका खड्ड्यावर आडवा. लांब करवतीचं एक टोक ओंडक्यावर उभ्या रज्जाकच्या हातात, दुसरं खाली मच्छिंद्राच्या. वरच्यानं काळ्या रेघेवर करवत चालवायची, खालच्यानं नुसती ओढायची. लग्नाआधीपासूनची ही जोडी, आणि मच्छिंद्राची तक्रारही तेवढीच जुनी: रज्जाकला नेवाशाचा रस्ता दिसतो, आपल्याला रज्जाकच्या टाचा. बायकोच्या टाचांना भेगा आहेत का, हे त्याला सांगता आलं नसतं. रज्जाकच्या मात्र पाठ होत्या.

कडेला गोरक्षनाथ गुरुजी बसले होते. बहात्तरच्या दुष्काळानं वाळलेला आंबा त्यांचा, दारासाठी फळ्याही त्यांनाच हव्या होत्या. चहा आला, तसे काम थांबवून दोघं त्यांच्याजवळ टेकले. चहा आला की गुरुजींना तत्त्वज्ञान सुचे.

"जग जोड्यांवर उभं आहे बघा. चुंबकाला दोन टोकं, विजेत धन आणि ऋण. पुरुष आणि प्रकृती. गीतेत शीत-उष्ण, सुख-दुःख. एक काढा, दुसऱ्याला अर्थ राहत नाही."

"आमचे मौलवीबी म्हन्त्यात," बशीत फुंकर मारत रज्जाक म्हणाला, "अल्लानं समदं जोडीनं केलंय."

"मग इचार की त्याला," मच्छिंद्र म्हणाला, "मलाच खाली का घातलं?"

गुरुजी हसले. हसत हसतच त्यांनी कापलेली फळी उचलून कडेनं पाहिली, आणि हसू आटलं. एका टोकाला दोन बोटं जाड, दुसऱ्याला पापडासारखी.

"हे काय रे? उरलेलं लाकूड मी श्रीरामपूरला मशिनवर नेतो."

एक ओंडका मशिनवर गेला की गावातलं सगळं लाकूड त्याच वाटेनं जातं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"माझा हात हिसकला, गुरुजी," मच्छिंद्र घाईनं म्हणाला. "अजून एक फळी कापू द्या. मग बोला."

गुरुजी एका फळीपुरते थांबले.

मच्छिंद्र रज्जाकबरोबर ओंडक्यावर चढला. पुढची रेघ दुरूनही दिसेल अशी काळीभोर होती. "बोट ठिव बरं हिच्यावर," तो हळूच म्हणाला.

रज्जाकचं बोट लाकडावर फिरत राहिलं, आणि रेघेच्या बरंच अलीकडे थांबलं.

"कवाधरनं?"

"दिवाळीधरनं. हाताच्या सवयीनं चालवत हुतो."

मच्छिंद्राला आधी राग आला, मग त्यानं करवतीची वरची मूठ हातात घेतली. ज्या जागेसाठी जन्मभर चडफडला, ती आता पायाखाली होती. नेवाशाचा रस्ता दिसत होता. त्यावर धूळ होती आणि छावणीकडे चाललेली हाडं निघालेली गुरं.

"उतर खाली," तो म्हणाला.

रज्जाक चाचपडत खड्ड्यात उतरला. करवत हलली, भुसा पडू लागला. खालच्यानं मान खाली घालून ओढायचं असतं, नाहीतर भुसा डोळ्यांत जातो. रज्जाकला ते कधी शिकावंच लागलं नव्हतं.

"डोळं मीट. मान खाली घाल."

"व्हय," रज्जाक म्हणाला. पण तोंड वर करून, डोळे सताड उघडे ठेवून तो ओढत राहिला. भुसा पडत होता त्याच फटीतून उजेडही येत होता.