शेवटच्या घराला पहिलं पाणी

आमची गल्ली उताराची. पाण्याची टाकी वर, अगदी आमच्या दाराला लागून. वरच्यांनी नळ सोडले की खालच्यांच्या नळाला नुसती हवा. त्यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा आम्हीच ठरवलं: आधी सगळ्यात खालच्या घरानं भरायचं, त्यानं हाक दिली की त्याच्या वरच्यानं, मग त्याच्या वरच्यानं. आम्ही शेवटी. टाकी उशाशी आणि घर कोरडं! पण तेव्हापासून भांडण नाही.

माझी सून पाणी खात्यात इंजिनिअर. जगभरच्या तहानलेल्या शहरांसाठी नियमांचा मसुदा चालला होता, त्यात तिनं आमचा नियम घुसवला. मसुदा लिहिणाऱ्या बाई परदेशातल्या एका मोठ्या शहराच्या पाणीप्रमुख. त्यांच्याकडेही आता पाणी आटलंय. त्यांनी नियम घेतला, पण पुढे शेपूट जोडलं, ‘शक्य असेल तिथे’. सून भडकली. वरच्यांना ते कधीच शक्य नसतं, या तीन शब्दांनी नियम मेला, म्हणाली. महिनोन्‌महिने भांडली. अखेर बाई म्हणाल्या, स्वतः येऊन बघते, मग ठरवते.

पाहुणी येणार म्हणून आम्ही वरच्या बायकांनी हौसेनं सगळी पिंपं, कळश्या रिकाम्या करून, घासूनपुसून उपड्या घातल्या. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

बाई आल्या त्या थेट टाकीपाशी. चावीवाल्याला बाजूला सारून पाण्याची चावी स्वतः फिरवली, हात ग्रीसनं काळेकुट्ट. मी लगबगीनं साबण दिला. बाईंनी कोपरापर्यंत फेस केला आणि आमच्या नळाकडे वळल्या. शेजारणीची हाक अजून यायची होती. घरात पाण्याचा थेंब नाही.

मी नळावर हात ठेवला.

सून कानाशी येऊन म्हणाली, “आई, एक तांब्याभर फक्त. माझं सगळं यांच्यावर अवलंबून आहे.”

“म्हणूनच,” मी म्हटलं. “सांग त्यांना, खालच्यांचं भरतंय.”

दारी आलेल्या माणसाला तसं उभं ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात नाही काढला. बाई हात पुढे धरून उंबऱ्यात थांबल्या. फेस वाळून पांढरा झाला. सोबतचे साहेब घड्याळं बघायला लागले. खालून एकेक हाक चढत येत होती, आणि आमच्या गल्लीतली माणसं पाणी भरताना गप्पा मारल्याशिवाय राहत नाहीत. शेजारणीनं एकदाचं “आमचं झालं” म्हटलं आणि मी नळ सोडला.

बाईंनी सावकाश हात धुतले. कोणी नियम मोडत नाही का, विचारलं. मी म्हटलं, आत्ताच माझी सून मोडायला निघाली होती. सुनेनं ते लाजत का होईना, जसंच्या तसं सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. काहीतरी हळू बोलल्या. सुनेचे डोळे भरले.

“आई, त्या म्हणतात, त्यांच्या घरी त्यांनी नळ उघडला असता. ते तीन शब्द स्वतःसाठीच लिहिले होते. आता काढते म्हणाल्या.”

काढलेच. सगळ्या देशांनी नियम बिनशेपटीचा मान्य केला. इतकी वर्षं तिकडची माणसं आम्हाला शिकवायला यायची. आज माझी सून त्या बाईंच्या शहरात आहे, टेकडीवरच्या बंगलेवाल्यांना थांबायला शिकवतेय.